खऱ्याच्या भावात खेळण्यातलं हँडगार्ड

जाहिरातीत फोटो नामांकित कंपनीच्या हँडगार्डचा (रायफलच्या नळीभोवतीचं, हाताने धरायचं आवरण), खोक्यावर तिचाच शिक्का, किंमत खऱ्यापेक्षा जरा कमी, म्हणजे शंका येऊ नये इतपतच. आत निघतो एअरसॉफ्टचा माल, म्हणजे प्लॅस्टिकच्या गोळ्या उडवणाऱ्या प्रतिकृतीसाठी बनवलेला. रंग, कोरीव अक्षरं, खाचा सगळं हुबेहूब. गिऱ्हाईक ते एआर-15 रायफलवर चढवायला घेतं, बॅरल नट (नळी रायफलला आवळून धरणारा नट) दोन वेढ्यांत अडकतो, आणि परत करायला गेलं की उत्तर येतं: वापरलेला माल घेत नाही. नटावर पान्याचे ओरखडे असतात, त्यामुळे भांडायलाही जागा राहत नाही.

म्हणून पाना हातात घेण्याआधी माल तपासा, आणि खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा. व्हर्निअर कॅलिपर आणि ग्रॅम दाखवणारा वजनकाटा एवढं पुरतं.

सुरुवात रेलपासून. पिकॅटिनी रेल म्हणजे दुर्बीण वगैरे बसवायची खाचांची पट्टी. तिची खाच 5.23 मिमी रुंद असते आणि दोन खाचांच्या मध्यांतलं अंतर 10.01 मिमी. एकच खाच मोजून फसायला होतं, कारण नकली रेलमध्ये चूक थोडी थोडी साठत जाते. पहिल्या खाचेच्या डाव्या कडेपासून अकराव्या खाचेच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, 100.1 मिमी यायला हवं. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे असेल तर दोन आडव्या पट्ट्यांचा माउंट बसणार नाही, किंवा ठोकून बसवावा लागेल. वीव्हर ही तशीच दिसणारी वेगळ्या मापाची रेल पिकॅटिनी म्हणून खपवतात, तीही इथेच सापडते: तिची खाच 4.57 मिमीचीच असते.

मग धातू. 'विमानाचं अॅल्युमिनियम' म्हणून ओतीव जस्त सर्रास गळ्यात मारतात. लोहचुंबकाने काही कळत नाही, तो दोन्हींना चिकटत नाही. स्क्रू आणि नट काढून सुट्या तुकड्याचं वजन करा. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा, तुकडा दोऱ्याने पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका, आणि बुडबुडे झटकून टाका. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा. अॅल्युमिनियम असेल तर उत्तर 2.7 ते 2.8, जस्त असेल तर साडेसहाच्या वर. म्हणजे 150 ग्रॅमच्या तुकड्याला काट्यावर साधारण 55 दिसायला हवेत. 23 दिसले तर ते जस्त. 6061 ला 7075 (दोन्ही अॅल्युमिनियमची मिश्रणं) सांगून जादा पैसे उकळले असतील तर मात्र ही युक्ती चालत नाही, दोन्हींची घनता फारच जवळची. हँडगार्डला 6061 पुरेसं आहे. 7075 साठी जादा पैसे मोजूच नयेत हे बरं.

बॅरल नटची परीक्षा बोटांनी घ्या. मॅगझिन काढून, चेंबर रिकामं असल्याची डोळ्यांनी खात्री करून, जुना नट उतरवा आणि नवा नुसत्या हाताने फिरवा. एआर-15 चे आटे सव्वा इंच व्यासाचे, इंचाला 18. बरोबर जुळणारा नट शेवटपर्यंत सहज जातो. अडला की तिथेच थांबा. जोर लावलात तर अप्पर रिसीव्हरचे (नळी जिथे बसते त्या रायफलच्या वरच्या भागाचे) आटे जातात, आणि तो हँडगार्डहून महाग पडतो. खरा नट 41 ते 108 न्यूटन-मीटर इतकं आवळणं सोसतो, एअरसॉफ्टचा नाही.

एम-लॉक आणि कीमॉड या हँडगार्डवर सामान बसवायच्या दोन वेगळ्या पद्धती. 'दोन्हींना चालेल' असं लिहिलेली मूठ घेऊच नका. एम-लॉकची खाच 7 मिमी रुंद, 32 मिमी लांब, सरळ. कीमॉडची किल्लीच्या भोकासारखी. एम-लॉकचा टी-नट (खाचेत आतून अडकणारा टी आकाराचा नट) स्क्रू आवळताना 90 अंश वळून आडवा बसायला हवा. आवळून झाल्यावर हँडगार्डच्या आत टॉर्च मारून बघा. नकली टी-नट मऊ असतो, त्याचे कोपरे झिजतात. मग तो स्क्रूबरोबर गरगर फिरत राहतो, घट्टही होत नाही आणि निघतही नाही.

फोरग्रिपमध्ये, म्हणजे हँडगार्डखालच्या मुठीत, तर हयगय नकोच. आखूड नळीच्या रायफलवर हात नळीच्या तोंडापुढे जाऊ नये म्हणूनच अनेकजण ती लावतात, आणि झटक्यात तुटली तर हात नेमका तिकडेच सरकतो. दोन्ही हातांनी पिळून बघा. करकर आवाज आला, साच्याच्या जोडावर पांढरी रेघ उमटली, तर त्याच दिवशी मोजमापांच्या फोटोंसह परतीचा अर्ज टाका आणि सुटा स्क्रूसुद्धा खोक्यात परत ठेवा. एक भाग कमी निघाला तरी पैसे अडकवतात.