वायरलेस माइकसाठी एनेलूप: पांढरे बरे की काळे?

कॉलर माइकच्या बॉडीपॅकमध्ये, म्हणजे कमरेला लावायच्या ट्रान्समीटरच्या डबीत, बहुतेक वेळा दोन पेन्सिल (एए) सेल लागतात. रिचार्जेबल घ्यायचे ठरले की माणूस आधी वेष्टणावरचा एमएएचचा, म्हणजे साठ्याचा आकडा बघतो आणि तिथेच फसतो. ३००० किंवा ३५०० एमएएच छापलेला स्वस्त सेल हातात घेऊन बघा, हलका लागतो. पॅनासोनिकचा पांढरा एनेलूप हा रिचार्जेबल सेल २६-२७ ग्रॅम भरतो. त्याहून बराच हलका सेल जास्त साठा देणार तरी कुठून?

पॅनासोनिकच्या एनेलूपमध्ये पांढरा (किमान १९०० एमएएच) आणि काळा 'प्रो' (२५०० च्या आसपास) असे दोन पर्याय आहेत. माइकसाठी आमचा कौल पांढऱ्याला. हिशेब साधा आहे. बॉडीपॅक २०० मिलीअँपिअर ओढतो असं धरलं, तरी पांढऱ्यावर नऊ तास निघतात. सेल जुने होतील म्हणून सातच धरा. साउंड चेक एक तास, नाटक तीन तास. तरी शिल्लक उरते. काळा जास्त वेळ चालतो हे खरं, पण कंपनीच्याच आकड्यांनुसार तो सुमारे ५०० वेळा चार्ज होतो आणि पांढरा २१०० वेळा. दिवसभराचं संमेलन किंवा रात्रभराचा जागर असेल तरच काळ्याचे जादा पैसे वसूल होतात.

आता बॅटरीच्या दांड्यांबद्दल. बऱ्याच ट्रान्समीटरचा मीटर अल्कलाइनच्या १.५ व्होल्टवर बेतलेला असतो. निकेल मेटल हायड्राइड सेल (एनेलूप त्यातलाच) जवळजवळ पूर्ण वेळ १.२ व्होल्टवर बसून राहतो आणि शेवटी धाडकन पडतो. त्यामुळे भरलेला सेलही अर्धा दिसतो, आणि शेवटची दांडी लुकलुकायला लागली की हातात मिनिटंच उरतात. मेनूमध्ये सेलचा प्रकार निवडता येत असेल तर तो आधी बदला. नसेल तर दांड्यांकडे बघू नका, घड्याळ लावा. मध्यंतरात सेल बदलणं हा सगळ्यांत स्वस्त विमा.

यूएसबी-सी पिन असलेले १.५ व्होल्टचे लिथियम सेल इथे नकोतच. त्यांच्या पोटातला व्होल्टेज बदलणारा कन्व्हर्टर सतत चालू-बंद होत रेडिओ गोंगाट करतो, आणि अँटेना तिथून बोटभर अंतरावर! रेंज कमी होणं, खरखर येणं हे प्रकार त्यातूनच होऊ शकतात. शिवाय मीटर शेवटपर्यंत 'फुल' दाखवतो आणि मग माइक थेट मुका. रिमोटला वापरा, खुशाल.

जुन्या ९ व्होल्टच्या माइकचं दुखणं वेगळं. ९ व्होल्ट म्हणून विकला जाणारा निकेल सेल आतून ७.२ किंवा ८.४ व्होल्टचा असतो, त्यातला ८.४ चाच घ्या. तरीही साठा जेमतेम २०० एमएएच, म्हणजे अल्कलाइनच्या निम्म्याहूनही कमी. तालमीला ठीक, प्रयोगाला अल्कलाइनच.

चार्जरवर मात्र कंजुषी करू नका. फक्त एक सेल घालून बघा; चार्जर सुरूच झाला नाही, तर तो जोडीने चार्ज करणारा. अशा चार्जरमध्ये एक सेल उतू जातो, दुसरा अर्धवट राहतो. प्रत्येक खाच स्वतंत्र हवी, करंट ५०० ते १००० मिलीअँपिअर. ५०० वर साडेचार-पाच तास लागतात. पंधरा मिनिटांत भरणारे चार्जर सेल तापवून मारतात.

नवे सेल आले की मार्करने १-अ, १-ब अशा जोड्या पाडा, खरेदीचा महिना लिहा आणि जोडी कधीही फोडू नका. दमलेला सेल ताज्याबरोबर घातला की तो आधी संपतो, मग ताजा त्याच्यातून करंट ढकलतच राहतो, तो उलटा चार्ज होतो आणि त्याचा कायमचा निकाल लागतो. बॉडीपॅक रात्रभर चालू राहिला तरी हेच होतं.

आणि सेल चांगला असूनही नट उडी मारताना माइकचा आवाज तुटत असेल, तर स्प्रिंग बघा. कमरेला, शेल्याखाली घाम मुरतो आणि पत्र्यावर हिरवट थर चढतो. कानकोरणीच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, स्प्रिंग हलक्या हाताने थोडी ओढून घ्या.