जुन्नर तालुक्यात मुलांसह आणि आजीसह: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या श्रावणापासून यंदाच्या फाल्गुनापर्यंत आम्ही पुण्याहून सहा वेळा जुन्नर तालुक्यात मुक्कामी गेलो. सात आणि अकरा वर्षांची दोन मुले, गुडघे दुखणाऱ्या सासूबाई आणि आम्ही दोघे असे आमचे कुटुंब असल्यामुळे एखादी जागा तिन्ही पिढ्यांना मानवते का, हीच आमची कसोटी होती. २०१८ मध्ये शासनाने हा तालुका पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. पण पहिल्या खेपेस एकाच दिवसात शिवनेरी, लेण्याद्री आणि ओझर उरकण्याच्या नादात आम्ही सगळेच थकलो आणि मुलांच्या लक्षात फारसे काही राहिले नाही. त्यानंतर दिवसाला एकच ठिकाण हा नियम आम्ही पाळला.

लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. सासूबाईंना डोलीतून नेले आणि त्यांना गिरिजात्मजाचे दर्शन शांतपणे घेता आले. सातव्या क्रमांकाच्या लेण्यातील तो प्रशस्त सभामंडप एकाही खांबाच्या आधाराशिवाय उभा आहे, हे मुलांनी भिंतीलगत फिरून स्वतः पडताळले. वाटेत माकडे हातातली पिशवी हिसकावतात, म्हणून खाऊ गाडीतच ठेवावा. शिवनेरीवर मात्र सासूबाई आल्या नाहीत. सात दरवाजे मोजत चढण्याचा आनंद मुलांनी घेतला.

नाणेघाटात घाटघरच्या बाजूने गाडी माथ्याजवळ जाते. गुहेच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागणिका हिच्या काळातील ब्राह्मी लेख आहे आणि यज्ञांत दान दिलेल्या गाईंच्या संख्या त्यात अंकांत कोरलेल्या आहेत, हे कळल्यावर मोठ्या मुलाने जवळजवळ तासभर ते अंक वहीत उतरवले. श्रावणात येथे वाऱ्याने उलटे उडणारे पाणी दिसते. मात्र सुट्टीच्या दिवशी गर्दी आणि निसरड्या कडा लक्षात घेता लहान मुलांना घेऊन कामाच्या दिवशीच जावे.

आम्हाला सर्वांत अधिक दिले ते खोडदने. तेथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या असून, २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास ती सर्वांसाठी खुली असते. तबकडीखाली उभे राहिल्यावर तिच्या जाळीतून चक्क आभाळ दिसते. या भोकांतून लहरी निसटत कशा नाहीत, असे धाकटीने विचारले, तेव्हा तेथील एका तरुण संशोधकाने तिच्यासमोर उकिडवे बसून सांगितले, “बाळा, या लहरी इतक्या लांब असतात की त्यांच्या दृष्टीने ही जाळी म्हणजे सलग आरसाच आहे.” मोबाइलच्या लहरींचा निरीक्षणांना अडथळा होतो, म्हणून फोन बंद ठेवावे लागतात, ती सूचना मनापासून पाळावी.

राहण्याच्या बाबतीत पहिला अनुभव वाईट होता. कृषी पर्यटन म्हणून घेतलेल्या एका जागी रात्री उशिरापर्यंत कर्णे वाजत होते आणि शेताशी संबंध आला तो बैलगाडीच्या पाच मिनिटांच्या फेरीपुरता. पुढच्या वेळी ओळखीतून एका शेतकरी कुटुंबाकडे उतरलो. पौषात तेथे हुरडा खाल्ला, माघात द्राक्षांची काढणी पाहिली आणि सासूबाईंनी घरच्या वहिनींकडून मासवडी शिकून घेतली: शिजवलेले बेसन ओल्या फडक्यावर थापायचे, तीळ-खोबरे-लसणाचे सारण भरून फडक्यानेच वळायचे आणि वड्या पाडून झणझणीत रश्शाबरोबर वाढायचे. बाजरीच्या भाकरीबरोबर ती मुलांनीही मागून खाल्ली.

एक काळजी मात्र प्रत्येक कुटुंबाने घ्यावी. उसाच्या या पट्ट्यात बिबट्याचा वावर खराखुरा आहे. माणिकडोहचे बिबट्या निवारा केंद्र याच तालुक्यात आहे. दिवेलागणीनंतर मुलांना एकटे अंगणाबाहेर जाऊ देऊ नये. मुक्काम ठरवताना आम्ही फोनवर सर्वांत आधी एवढेच विचारतो की शौचालय घरालाच लागून आहे की शेताच्या कडेला. ते दूर असेल, तर बाकी सोयी कितीही चांगल्या असल्या तरी तेथे राहत नाही.