जिऑलॉजीत पीएचडी की जिऑलॉजिकल इंजिनिअरिंगमध्ये? आणि इथे की अमेरिकेत?

सह्याद्रीत बोगद्यासाठी बोअर घेतलं आणि त्याचा कोअर, म्हणजे छिद्रातून निघालेला खडकाचा दंडगोल, पेटीत ओळीने मांडला, की बहुधा तीन प्रकारचा खडक दिसतो. काळा घट्ट बेसॉल्ट, पोकळ्यांमध्ये झिओलाइट हे पांढरं खनिज भरलेला सच्छिद्र बेसॉल्ट, आणि दोन लाव्हाप्रवाहांच्या मधला विटकरी रंगाचा मातकट थर, म्हणजे रेड बोल. डॉक्टरेट कशात करायची हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी आधी या लाल थराबद्दल सांगते. दोन्ही शाखांना तो हवा असतो, पण अगदी वेगवेगळ्या कारणांसाठी.

जिऑलॉजीवाल्यासाठी रेड बोल म्हणजे दोन उद्रेकांमधली विश्रांती. एक प्रवाह थंड झाला, त्याच्यावर माती तयार व्हायला वेळ मिळाला, मग पुढचा प्रवाह आला. या थरांमध्ये दूरवरून उडून आलेल्या ज्वालामुखी राखेतले झिरकॉनचे बारीक स्फटिक सापडतात आणि युरेनियम-शिसे पद्धतीने त्यांचं वय काढता येतं. प्रिन्स्टनच्या गटाने दख्खनच्या लाव्ह्याचा कालक्रम असाच बसवला. त्याच सुमारास बर्कलेच्या गटाने आरगॉन पद्धतीने थेट बेसॉल्टचं वय काढलं. २०१९ मध्ये दोघांचे निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध झाले आणि ते जुळले नाहीत. प्रिन्स्टनच्या मते ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर नष्ट झाले त्याच्या जरा आधी उद्रेकांची मोठी लाट आली. बर्कलेच्या मते लाव्ह्याचा बराचसा भाग त्यानंतर बाहेर पडला. इतका मोठा वाद आपल्या घाटांतल्या खडकांवर चालू आहे, आणि त्यात भर घालायला आणखी पीएचडी लागणार आहेत.

इंजिनिअरिंगवाल्यासाठी तोच थर म्हणजे धोक्याची जागा. तो बऱ्याचदा भिजला की फुगतो आणि सुटा होतो. धरणाच्या पायात तो आला तर गळती किंवा सरकण्याची भीती, बोगद्याच्या छतात आला तर पडझडीची. मग त्याचे तुकडे जाळीच्या ड्रममध्ये घालून पाण्यात दहा मिनिटं फिरवतात, वाळवतात, पुन्हा फिरवतात आणि किती शिल्लक राहिला ते तोलतात. कोअरची आरक्यूडी काढतात, म्हणजे १० सेंटिमीटरपेक्षा लांब तुकड्यांच्या बेरजेचं एकूण लांबीशी प्रमाण. समजा १५० सेंटिमीटरच्या रनमध्ये (एका फेरीत खोदलेल्या लांबीत) १० सेंटिमीटरपेक्षा लांब तुकडे ३५, २८, २२, १७ आणि १२ चे निघाले. बेरीज ११४, म्हणजे आरक्यूडी ७६ टक्के. कागदावर खडक ‘चांगला’. पण ड्रिलिंगच्या धक्क्याने ताजा तुटलेला तुकडा जोडून मोजायचा असतो, आणि तुटलेली कड ताजी की जुनी हे ओळखायला जिऑलॉजिस्टची नजर लागते. शिवाय पातळ रेड बोल पाण्याबरोबर धुऊन गेला तर पेटीत त्याची फक्त रिकामी जागा उरते, आणि ७६ च्या आकड्यात ती जागा कुठेच ओरडून सांगत नाही की छत इथेच बसणार आहे. म्हणून या दोन शाखा एकमेकींशिवाय लंगड्या आहेत असं मला मनापासून वाटतं. पण पदवी एकच घ्यायची असते.

आधी काय शिकलात, ते बघा

बीएस्सी, एमएस्सी जिऑलॉजी केलेल्यांना भूवैज्ञानिक इतिहास, खनिजं, नकाशे, थिन सेक्शन हे सगळं येत असतं. ०.०३ मिलिमीटरपर्यंत घासलेल्या खडकाच्या पातळ चकतीत प्लॅजिओक्लेज आणि ऑजाइट ही खनिजं ओळखायला त्यांना वेळ लागत नाही. अडतं ते स्टॅटिक्स, पदार्थांची ताकद, द्रवयांत्रिकी आणि डिफरन्शियल इक्वेशन्समध्ये. इंजिनिअरिंगची डॉक्टरेट घ्यायची तर हे आधी भरून काढावं लागतं, आणि अमेरिकेतल्या विभागांत ते विषय अक्षरशः बीईच्या मुलांबरोबर बसून करावे लागू शकतात. त्यात एक वर्ष सहज जातं.

सिव्हिल किंवा मायनिंगवाल्यांचं उलटं. गणित पक्कं, सॉफ्टवेअर हातात, पण डोंगरात उभं राहून प्रवाहाची सीमा कुठे आहे हे दाखवता येत नाही. ही नजर वर्गात बसून येत नाही, दोन-तीन हंगाम फिरावं लागतं.

आपल्याकडे कुठे

‘जिऑलॉजिकल इंजिनिअरिंग’ अशी पाटी लावलेला विभाग भारतात शोधायला गेलात तर हाताला फारसं लागणार नाही. हे काम इथे वेगवेगळ्या घरांत विभागलेलं आहे. आयआयटी मुंबईचा अर्थ सायन्सेस विभाग, १९२६ पासून चालत आलेलं धनबादचं आयएसएम म्हणजे इंडियन स्कूल ऑफ माइन्स (आता आयआयटी), आयआयटी रुरकी. खडकांच्या यांत्रिकीसाठी नागपूरच्या व्हीएनआयटीचा मायनिंग विभाग, शिवाय ठिकठिकाणचे सिव्हिलचे जिओटेक्निकल गट. त्यामुळे विभागाच्या नावापेक्षा गाईड काय करतात यावर नजर ठेवावी.

शुद्ध जिऑलॉजीसाठी पर्याय जास्त आहेत. आयआयटी मुंबईत आरगॉन-आरगॉन पद्धतीने वय काढण्याची राष्ट्रीय सुविधा आहे, तेव्हा दख्खनच्या कालक्रमावर काम करणाऱ्याला नमुने परदेशी पाठवण्यावाचून गत्यंतर नाही असं नाही. हिमालय हवा असेल तर डेहराडूनची वाडिया इन्स्टिट्यूट, भूभौतिकीकडे कल असेल तर हैदराबादची एनजीआरआय, म्हणजे राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था. आणि एक जागा आपल्या मुलांना पुरेशी माहीत नसते, याचं मला फार वाईट वाटतं: कराडजवळची बोअरहोल जिओफिजिक्स प्रयोगशाळा. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर धरणाचं पाणी आणि भूकंप यांच्या नात्याचा जो अभ्यास सुरू झाला, त्याचाच पुढचा टप्पा म्हणून गोठणे इथे तीन किलोमीटर खोल बोअर घेतलं गेलं. बेसॉल्टचा सगळा थर ओलांडून खालच्या ग्रॅनाइटी खडकापर्यंतचा कोअर जगात फार कमी ठिकाणी मिळतो. त्याच कोयनेत १९९९ आणि २०१२ मध्ये जलाशयाच्या तळाशी स्फोट करून लेक टॅपिंग झालं, म्हणजे धरण रिकामं न करता तळातून पाणी बोगद्यात घेतलं गेलं. एकाच खोऱ्यात निखळ विज्ञान आणि निखळ अभियांत्रिकी.

अमेरिकेत कुठे

दोन नावं एकत्र असलेले विभाग तिथे खरोखर आहेत. गोल्डनमधल्या कोलोराडो स्कूल ऑफ माइन्समध्ये ‘जिऑलॉजी अँड जिऑलॉजिकल इंजिनिअरिंग’ हा विभाग एक, पण डॉक्टरेट दोन वेगळ्या. पदवीनंतर ७२ क्रेडिट लागतात, त्यात एमएस्सीचे काही धरले जाऊ शकतात. किती, ते प्रवेशाआधी लेखी विचारून घ्यावं. आयडाहो स्प्रिंग्जला विद्यापीठाची स्वतःची खाण आहे आणि अमेरिकेचं राष्ट्रीय भूकंप माहिती केंद्रही गोल्डनलाच. रॅपिड सिटीच्या साउथ डकोटा माइन्समध्ये तर पीएचडीचं नावच ‘जिऑलॉजी अँड जिऑलॉजिकल इंजिनिअरिंग’. तिथून जवळ, लीड गावात, २००२ मध्ये बंद पडलेल्या होमस्टेक सोन्याच्या खाणीत सॅनफर्ड भूमिगत प्रयोगशाळा आहे, ४,८५० फूट खोल. त्या खोलीवर दाबाखालचा खडक कसा वागतो हे प्रत्यक्ष मोजता येतं. अशी सोय आपल्याकडे विद्यार्थ्याला सहज मिळत नाही, हे मान्य करायला हवं.

पैसा आणि वर्षं

इथे नेट परीक्षेतून जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे एसआरएफचे (सीनिअर फेलोशिपचे) ४२,००० रुपये, वर घरभाडं. ‘अर्थ सायन्सेस’ हा सीएसआयआर-युजीसी नेटचा स्वतंत्र विषय आहे आणि गेटमध्ये जिऑलॉजी-जिओफिजिक्सचा पेपर. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारी संस्थांच्या फेलोशिप पात्र असाल तर जरूर बघा. पैसे वेळेवर येतीलच असं मात्र गृहीत धरू नका, सहा महिन्यांची शिल्लक जवळ असावी. युजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन आणि साधारण सहा वर्षांची मुदत, आणि महिलांना प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा.

अमेरिकेत असिस्टंटशिप मिळाली तर फी माफ आणि वर स्टायपेंड; बदल्यात आठवड्याला २० तास शिकवणं किंवा गाईडच्या प्रकल्पावर काम. चार ते सहा वर्षं धरा. लग्न झालेलं असेल तर जोडीदाराला एफ-२ व्हिसावर नोकरी करता येत नाही, हा हिशोब घरात आधीच उघडपणे मांडावा. २०२५ पासून तिथल्या सरकारी संशोधन निधीत मोठी अनिश्चितता आहे. म्हणून ऑफर लेटरमध्ये किती वर्षांचा पैसा पक्का आहे हे वाचल्याशिवाय होकार देऊ नये. स्वतःच्या खर्चाने, कर्ज काढून पीएचडीला जाऊ नका, हे मी निक्षून सांगते.

नंतरची नोकरी

इथे गैरसमज सर्वांत जास्त. जीएसआयमध्ये, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात, जायला पीएचडी लागत नाही. युपीएससीच्या कंबाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षेला एमएस्सी पुरते, आणि खुल्या गटासाठी वयोमर्यादा ३२ आहे. पीएचडीच्या नादात या परीक्षेच्या संधी एकेक करून जातात. उलट सिव्हिल करून जिऑलॉजीत डॉक्टरेट घेतली तरी एमएस्सी किंवा तत्सम पदवी नसेल तर जिऑलॉजिस्टच्या जागेला अर्ज अडतो. तीच गत शिकवण्याची: सिव्हिल विभागात अध्यापकपदाला अभियांत्रिकीचीच पदवी आणि पदव्युत्तर पदवी मागतात, जिऑलॉजीच्या पीएचडीने ते दार उघडत नाही.

अमेरिकेत राहायचं म्हटलं तर परवान्याचा मुद्दा येतो. इंजिनिअर म्हणून सही करायला पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) हा परवाना लागतो आणि त्यासाठी मान्यताप्राप्त अभियांत्रिकीची मूळ पदवी हा सरळ रस्ता; नुसती पीएचडी ती उणीव सगळीकडे भरून काढत नाही. जिऑलॉजिस्टसाठी बऱ्याच राज्यांत वेगळा परवाना आहे आणि एमएस्सीवाल्याला तो जास्त जवळचा. राज्यागणिक नियम बदलतात. शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याच्या परवानगीचे (ओपीटी) १२ महिने आणि स्टेम म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना आणखी २४ मिळतात, त्यात नोकरी पक्की करावी लागते.

माझं मत

बोगदे, धरणं, दरडी यांवर काम करायचं असेल आणि ध्येय नोकरीचं असेल, तर एमएस्सीनंतर इंजिनिअरिंग जिऑलॉजीचं एमटेक पुरेसं आहे. पीएचडी करायची ती प्रश्नासाठी. माळीणला ३० जुलै २०१४ ला, तळियेला २०२१ मध्ये आणि इर्शाळवाडीला २०२३ मध्ये डोंगर खाली आला. कोणत्या उतारावर, किती पावसात, हे पुढच्या पावसाळ्याआधी सांगता यावं असं वाटत असेल तर जिऑलॉजिकल इंजिनिअरिंगच निवडा, गणित कितीही जड जावो. आणि ते काम इथेच राहून करा, कारण दरडीच्या जागी जुलैत चिखलात उभं राहावं लागतं. कोलोराडोहून ते जमत नाही. लाव्ह्याचं वय, रसायन, उद्रेकाचा वेग यात मन रमत असेल तर जिऑलॉजी, आणि त्यासाठी परदेशी प्रयोगशाळेचा अनुभव सोन्यासारखा. नमुने आपलेच असतात, यंत्रं त्यांची. खाणीतल्या किंवा खोल खडकाच्या यांत्रिकीसाठी बीई झालेल्याने रॅपिड सिटी किंवा गोल्डनला नक्की अर्ज करावा.

अमेरिकेचे अर्ज बहुतेक डिसेंबर-जानेवारीत बंद होतात आणि गेट फेब्रुवारीत असते, म्हणजे दोन्ही वाटा एकाच हिवाळ्यात चालू ठेवता येतात. गाईडला पहिलं पत्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जायला हवं: त्यांचा एखादा पेपर नीट वाचून, त्यातला एक नेमका प्रश्न विचारून, दहा ओळींत. उत्तर आलं की त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांपैकी एकाला गाठून तीन गोष्टी विचारा. नमुन्यांच्या चाचण्यांचे पैसे कोण देतं, फिल्डवर्कला वर्षातून किती दिवस जाता येतं, आणि याआधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत.