व्हेरा आधी वाचावी की बॅलार्ड?

बाई तपास अधिकारी असलेली इंग्रजी पोलीसकथा वाचायला घ्यायची, तर ॲन क्लीव्ह्ज यांची ‘द क्रो ट्रॅप’ (१९९९) की मायकेल कॉनली यांची ‘द लेट शो’ (२०१७)? दोन्ही आपापल्या मालिकेतल्या पहिल्या. मी दोन्ही कल्याण-दादर लोकलमध्ये वाचल्या. पहिलीला तीन आठवडे लागले, दुसरी पाच दिवसांत संपली.

माणूस म्हणून ‘द क्रो ट्रॅप’मधली व्हेरा स्टॅनहोप जास्त भरीव आहे, हे आधीच कबूल करतो. पन्नाशीची, अंगाने जाड, एक्झिमाने (त्वचेच्या खाजेने) त्रासलेली. अंत्यविधीला ती पिशव्या सांभाळत येते, तेव्हा ही पोलीस अधिकारी असेल असं कोणाच्या मनातही येत नाही. फार सुंदर प्रवेश आहे तो. पण त्यानंतर बाई जातात कुठे? होऊ घातलेल्या दगडखाणीसाठी पर्यावरण पाहणी करायला इंग्लंडमधल्या पेनाइन डोंगरात आलेल्या तिघीजणी, त्यांची घरं, त्यांची जुनी दुखणी, यांतच पुस्तकाचा मोठा भाग जातो. लेखन उत्तमच आहे, पण मला तपास बघायचा होता. दोनदा पुस्तक मिटून ठेवलं, आणि तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा कोण कोणाची कोण हे मागे जाऊन पाहावं लागलं.

‘द लेट शो’मधली रेने बॅलार्ड पहिल्या पानापासून ड्युटीवर असते. वरिष्ठाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली, तपासातल्या जोडीदाराने साथ दिली नाही, म्हणून तिची रवानगी लॉस एंजेलिस पोलिसांच्या हॉलिवूड ठाण्यात, कायमच्या रात्रपाळीवर. रात्री गुन्ह्याच्या जागी धावायचं, पहाटे रिपोर्ट टाइप करायचा आणि उजाडलं की प्रकरण दिवसपाळीच्या हवाली. हे वाचताना मला आई आठवली. ती नर्स होती. सकाळी चार्ज देऊन घरी यायची आणि चहा घेताना म्हणायची, “सात नंबरच्या बाईचं काय झालं असेल गं बाई?” बॅलार्डलाही नेमकं हेच सोसत नाही. रात्री हाती आलेली दोन प्रकरणं ती सोडत नाही, आणि कादंबरी त्यावरच चालते.

शेवटाकडे ‘द लेट शो’ थोडी चित्रपटासारखी पळते, हे खरं. पोलिसी संक्षेपांचाही मारा आहे, पण दोन-तीन प्रकरणांत सवय होते. निवांत सुट्टी असेल, माणसं हळूहळू उलगडलेली आवडत असतील, तर व्हेरा जरूर घ्या. रोजच्या प्रवासात तुकड्यातुकड्याने वाचणार असाल, तर मी बॅलार्डच हातात देईन.