शेलच्या टाकीवर पाण्याचा दाब: एसएफग्रॅड की टेबल?

ॲन्सिस या स्ट्रेस काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये एपीडीएल (त्याची कमांडची भाषा) लिहिणाऱ्यांपुरतंच हे. शेलच्या, म्हणजे पातळ पत्र्यासारख्या एलिमेंटच्या (मॉडेलच्या छोट्या तुकड्यांच्या) भिंतीवर खोलीनुसार वाढणारा दाब द्यायला दोन रस्ते आहेत: आधी एसएफग्रॅड (SFGRAD, दाबाचा स्लोप ठरवणारी कमांड) देऊन मग एसएफई (SFE, एलिमेंटवर दाब देणारी कमांड), किंवा उंचीनुसार दाबाचं टेबल करून त्याचं नाव एसएफईला देणं.

घाई असेल तर एसएफग्रॅडच बरं. एका ओळीत दिशा, शून्य दाबाची पातळी आणि स्लोप (पाण्याला मीटरमागे ९८१० पास्कल, वर जाताना ऋण) सांगितलं की काम झालं. काठोकाठ भरलेल्या टाकीला याहून जास्त काही लागत नाही.

पण टाकी अर्धवट भरलेली असली की मला ते खटकतं. पाणी कुठे संपलं हे एसएफग्रॅडला कळतच नाही. भिंत ३ मीटर, पाणी २.५ मीटर, तर वरच्या अर्ध्या मीटरवर ते बिनदिक्कत ऋण दाब लावतं, काठाशी ४.९ किलोपास्कल. भिंतीत हे एकवेळ खपून जातं. छताचे एलिमेंटही सिलेक्शनमध्ये असतील तर अख्खं छत तेवढ्या दाबाने आत ओढलं जातं. तपासायला आलेल्या एका मॉडेलमध्ये नेमकं हेच होतं. स्ट्रेसचं चित्र देखणं, पण आधारांवरच्या उभ्या रिॲक्शनची (प्रतिक्रिया बलांची) बेरीज केली तर टाकी काठोकाठ भरल्याइतकं वजन! शिवाय रिकामं एसएफग्रॅड देऊन स्लोप बंद केला नाही, तर नंतर दिलेल्या वाऱ्याच्या दाबालाही तो चिकटतो.

टेबलात दोनच ओळी पुरतात: तळाशी २४५२५, २.५ मीटरवर शून्य. त्यापुढे टेबल शेवटचीच किंमत धरून बसतं, म्हणजे वर शून्यच. वेळ हा दुसरा व्हेरिएबल घेतला की टाकी भरण्याचे टप्पेही त्यातच बसतात. सायलोसाठी (धान्य, सिमेंट साठवायच्या उंच कोठीसाठी) तर मी दुसरा विचार करत नाही. यान्सेनच्या १८९५ च्या सूत्रातला दाब सरळ वाढतच नाही, खाली एका मर्यादेकडे वळतो.

टेबलाचे नखरे आहेतच. शून्याव्या कॉलममधल्या उंच्या चढत्या क्रमानेच लागतात, आणि लोडच्या यादीत आकड्यांऐवजी टेबलाचं नाव दिसतं, त्यामुळे तपासणारा कुरकुरतो. एकदाच चालवायच्या मॉडेलला कदाचित एवढा खटाटोप नको वाटेल. पातळी बदलत राहणार असेल तर मात्र मी टेबलच घेईन. पाण्याच्या पातळीवर मेशची (एलिमेंटच्या जाळीची) एक रेघ तेवढी ठेवा. एलिमेंटच्या मध्येच पाणी संपलं तर कोपऱ्यांवरच्या किमतींना त्याचा पत्ता लागत नाही, पद्धत कुठलीही असो.