बाळंतिणीच्या दारी येणारी सेवा: आशाताईंच्या घरभेटी आणि बचत गटाची साथ

बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की ग्रामीण महाराष्ट्रात तिच्या दारी एक विनामूल्य सरकारी सेवा येते, आणि शहरातल्या शिकल्यासवरल्या नातेवाइकांना तिची बहुधा काहीच माहिती नसते. जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताई, म्हणजे गावातलीच आरोग्य स्वयंसेविका, घरी येऊन बाळ-बाळंतिणीला तपासते. बाळंतपण घरीच झाले असेल, तर पहिल्या दिवसाची आणखी एक भेट होते. बीड जिल्ह्यातील एका लहान गावी, माझ्या भाचीच्या बाळंतपणात ही सेवा मला जवळून पाहता आली. त्याच गावातील महिला बचत गटाचे कामही तेव्हा पाहिले, म्हणून हा अभिप्राय दोन्हींविषयी आहे. आशाताईने आजार ओळखला तरी गरीब घरातून बाळ दवाखान्यात नेण्याचा प्रश्न उरतोच, आणि तिथे गट उपयोगी पडतो.

आल्यावर आशाताईने आधी साबणाने हात धुतले, आणि बाळाला घ्यायला पुढे आलेल्या प्रत्येकीला तसेच धुवायला लावले. मग काटा काढला. आधी रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणला, त्यानंतर बाळाला झोळीत ठेवले आणि काटा डोळ्यांच्या रेषेत धरूनच वजन वाचले. २.५ किलोच्या खालचे बाळ कमी वजनाचे धरतात, त्यामुळे इथली शंभर ग्रॅमची चूकही महागात पडू शकते, हे तिने सासूबाईंना समजेल अशा भाषेत सांगितले. त्यानंतर बाळ शांत असताना अंगावरचे झबले वर करून, घड्याळावर नजर ठेवून, तिने पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. नवजात बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक भरले, तर ती पुन्हा मोजते, आणि दुसऱ्यांदाही तेवढेच भरले किंवा छाती आत ओढली जात असेल, तर दवाखान्याचा निरोप देते. शिक्षण बेताचे असलेल्या बाईने हे काम इतक्या नेटकेपणाने करावे, याचे मला मनापासून कौतुक वाटले. शहरातल्या काही दवाखान्यांत यापेक्षा कितीतरी घाईची तपासणी मी पाहिलेली आहे.

सल्ला देण्याची तिची रीतही वाखाणण्याजोगी होती. नाळेला हळद लावू नका, बाळाला मध किंवा गुटी चाटवू नका, पहिला चीक पिळून टाकू नका, असे सांगणे म्हणजे घरातल्या थोरल्या बायकांचा अनुभव खोडून काढणेच होय, आणि ते तिथे सहज खपत नाही. पण आशाताई बाहेरची नव्हती, त्याच आळीतली सून होती. ‘‘मावशी, तेलमालिश करा की, त्याला कोण नको म्हणतंय? फक्त नाळ कोरडी राहू द्या,’’ असे म्हणत तिने जे चालण्यासारखे होते ते चालू दिले आणि धोक्याचे तेवढे अडवले.

या घरभेटींचे मूळ महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. ३९ गावांतील या प्रयोगात नवजात बालमृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून केंद्र सरकारने घरभेटींचे हे काम देशभरातील आशांकडे सोपवले. गडचिरोलीच्या आरोग्यदूतांना जंतुसंसर्गावर इंजेक्शन देण्याचेही शिक्षण होते. आशाताईंचा भर मात्र धोका ओळखून वेळेत पुढे पाठवण्यावर आहे. साहजिकच पुढचा दवाखाना जितका चांगला, तितकीच या सेवेची धाव.

भाचीचे बाळ सुदैवाने ठणठणीत होते. सेवेची खरी कसोटी लागली ती जवळच्या वस्तीवरील एका मजूर कुटुंबात. सातव्या दिवशीच्या भेटीत तिथले बाळ दूध ओढेनासे झालेले आणि त्याचे तळपाय गार पडलेले आढळले. घरच्यांना ते केवळ ‘झोपाळू’ वाटत होते. आशाताईने बाळाला आईच्या छातीशी लावून पांघरूण घालायला सांगितले, रुग्णवाहिका बोलावली आणि स्वतः सोबत गेली. सरकारी रुग्णालयात वर्षाच्या आतील आजारी बाळाचे उपचार, औषधे आणि नेण्या-आणण्याची सोय मोफत असते. तरीही बापाचे कामावरचे खाडे, सोबत राहणाऱ्या आजीचे जेवणखाण, घरी राहिलेल्या मोठ्या मुलांची सोय हा खर्च कोणत्याच योजनेत बसत नाही. तो बचत गटाने उचलला. गटाच्या अध्यक्षबाईंनी त्याच संध्याकाळी सदस्यांना विचारून पेटीतली रक्कम काढली, इतिवृत्तात नोंद केली आणि परतफेड सुगीनंतर ठरवली. दोघी जणी आळीपाळीने त्या घरच्या मुलांना जेवू घालत होत्या, त्याची नोंद अर्थातच कुठल्या वहीत नाही. बाळ बरे होऊन घरी आले. गावोगावच्या ग्रामसंघांकडे, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या एकत्रित संघांकडे, अशा अडचणींसाठी जोखीम प्रवणता निधी असतो, पण त्यासाठी ठराव आणि सह्या लागतात. गटाची पेटी मात्र तासाभरात उघडते, आणि सावकाराच्या दारी जाणे टळते.

उणिवाही कमी नाहीत. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत असल्याने भेटी माहेरच्या आशाताईकडे असतात, आणि सव्वा महिना होताच बाळंतीण सासरी निघाली की ४२ व्या दिवसाची भेट नेमकी दोन गावांच्या मधे अडकते. त्याहून मोठा प्रश्न ऊसतोड कुटुंबांचा आहे: दिवाळीच्या सुमारास तान्ही बाळे घेऊन ही कुटुंबे कारखान्याच्या फडावर जातात, कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात, आणि गावातल्या यादीतले त्यांचे नाव नुसते यादीतच राहते. ज्या बाळांना या सेवेची सर्वाधिक गरज, त्यांच्यापर्यंतच ती पोहोचत नसेल, तर हा दोष किरकोळ म्हणता येणार नाही. काट्याची आणि थर्मामीटरची दुरुस्ती वेळेवर होत नसल्याची तक्रारही कानी आली. सगळ्या भेटी, वजनाची नोंद, जन्मनोंदणी आणि लसीकरण पूर्ण झाल्यावर आशाताईला एका बाळामागे मिळणारे २५० रुपये ही रक्कम तर संकोच वाटावा अशीच आहे; वाढीव मोबदल्यासाठी राज्यातील आशांना २०२४ च्या सुरुवातीला मुंबईत आझाद मैदानावर धरणे धरावे लागले होते.

पाचपैकी गुण द्यायचे तर आशाताईच्या कौशल्याला आणि गटाच्या तत्परतेला पाच, आणि त्यांच्या पाठीशी असलेल्या व्यवस्थेला जेमतेम तीन. ही सेवा घेणाऱ्यांनी सातव्या महिन्यातच माहेरच्या व सासरच्या दोन्ही आशाताईंना बाळंतपण कुठे होणार ते कळवावे, प्रत्येक भेटीचे वजन माता-बाल संरक्षण कार्डावर समोर लिहून घ्यावे, आणि फडावर जाणाऱ्यांनी ते कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत न ठेवता सोबत न्यावे. तिथल्या आशाताईला पुढची लस आणि पुढचे वजन त्यावरूनच ठरवता येते.