निकोडेमस, कॅन्सस: चौदा लोकवस्तीच्या गावातील राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ

अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ताब्यातील स्थळांपैकी ग्रँड कॅन्यन आणि यलोस्टोन ही नावे मराठी प्रवाशांना पाठ असतात. कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात, ग्रॅहॅम काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या निकोडेमस या खेड्याचे नाव मात्र त्या राज्यात वर्षानुवर्षे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनीही क्वचितच ऐकलेले असते. डेन्व्हर आणि कॅन्सस सिटी यांच्यामधला आय-७० महामार्ग हा बहुतेकांच्या दृष्टीने एका दमात संपवायचा रस्ता आहे. त्या रस्त्यावरून थोडे उत्तरेला वळण्याची तयारी असेल, तर हे स्थळ पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

पाहायला काय आहे, हे आधी स्पष्ट सांगतो, कारण मोठ्या संग्रहालयाची अपेक्षा ठेवून आलेल्याची निराशा होईल. राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून येथे पाच इमारती जपलेल्या आहेत: १८८१ चे सेंट फ्रान्सिस हॉटेल, १८८५ चे आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च, १९०७ चे फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च, १९१८ ची शाळा आणि १९३९ साली मंदीच्या काळातील सरकारी रोजगार योजनेतून बांधलेला चुनखडीच्या दगडाचा टाउनशिप हॉल. अभ्यागत केंद्र म्हणून या टाउनशिप हॉलचाच उपयोग होत आला आहे. प्रवेशशुल्क नाही. सगळ्याच इमारती सरकारी मालकीच्या नसल्यामुळे काही केवळ बाहेरून पाहता येतात, आणि गावात लोक राहतात, त्यामुळे आपण कोणाच्या तरी अंगणापाशी उभे आहोत याचे भान ठेवूनच फिरावे लागते. लहान मुलांसाठी ज्युनिअर रेंजरची पुस्तिका मिळते. ती सोडवताना मुले ज्या प्रकारचे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे देण्यासाठी पालकांनी थोडा इतिहास वाचून जाणे इष्ट आहे.

तो इतिहास असा. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर दक्षिणेकडील राज्यांमध्ये कृष्णवर्णीयांना जे नागरी अधिकार मिळाले होते, त्यांना असलेले संघराज्याच्या सैन्याचे संरक्षण १८७७ साली संपले. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात डब्ल्यू. आर. हिल नावाचा एक गोरा जमीन-व्यावसायिक आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय गृहस्थ यांनी काही सहकाऱ्यांबरोबर सॉलोमन नदीच्या दक्षिण शाखेजवळ निकोडेमसची आखणी केली. केंटकी राज्यातील जॉर्जटाउन आणि लेक्सिंग्टन परिसरात नव्या गावाची पत्रके वाटली गेली. सायमन राउंडट्री हे धर्मोपदेशक जून महिन्यात आले, आणि सप्टेंबरमध्ये तीनशेहून अधिक लोकांचा मोठा जथा निघाला. ही मंडळी कॅन्सस पॅसिफिक रेल्वेने एलिसपर्यंत आली आणि तेथून सुमारे पस्तीस मैल चालत गेली. एलिस आजही आय-७० वरच लागते. माझी सूचना अशी आहे की, वेळ असेल त्याने एलिसला महामार्ग सोडावा आणि तेथून निकोडेमसकडे जावे. त्या सपाट मुलखात ना डोंगराचा आडोसा, ना झाडांची दाटी, आणि सामानसुमान व मुलेबाळे घेऊन हे अंतर पायी तोडणे म्हणजे काय, हे कोणत्याही फलकापेक्षा तो रस्ताच अधिक नीट सांगतो.

पत्रकांनी जे गाव रंगवले होते ते प्रत्यक्षात नव्हते. आधी आलेली माणसे जमिनीत खोदलेल्या घरांत राहत होती. १८७८ च्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांनी पुढे सांगितलेली आठवण येथे वारंवार ऐकायला मिळते. निकोडेमस कुठे आहे असे त्यांनी विचारले, तेव्हा लोकांनी जमिनीतून निघणाऱ्या धुराकडे बोट दाखवले, आणि ते दृश्य पाहून त्यांना रडू कोसळले. काही कुटुंबे आल्यापावली परत गेली. जी राहिली त्यांच्याकडे औते कमी, जनावरे कमी आणि हिवाळा तोंडावर अशी स्थिती होती. शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी आपल्याजवळचे अन्न वाटून दिले, म्हणून पहिला हिवाळा निभावला, असे येथील परंपरा सांगते. ही भूमी मुळात पॉनी, शायान यांसारख्या लोकांच्या शिकारीची होती आणि तेथूनच त्यांना हुसकावले जात होते. अशा काळात एका हुसकावल्या जाणाऱ्या समाजाने दुसऱ्या विस्थापित समाजाला हात दिला, हा या कथेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे, आणि तो घाईने वाचून पुढे जाण्यासारखा नाही.

येथे एक नेहमीचा गोंधळ दूर करायला हवा. मिसिसिपी आणि लुईझियाना येथून कृष्णवर्णीयांचे कॅन्ससकडे जे मोठे स्थलांतर झाले, ते १८७९ चे. निकोडेमस त्याच्या दोन वर्षे आधी वसले, आणि येथे आलेले बहुतेक लोक केंटकीचे होते. वसाहत करण्याच्या हेतूने, ठरवून, पैसे भरून ही माणसे आली होती. १८६२ च्या होमस्टेड कायद्याप्रमाणे १६० एकर जमिनीवर हक्क सांगायचा, पाच वर्षे ती कसायची आणि मालक व्हायचे, हा त्यांचा मार्ग होता. ज्यांना काही वर्षांपूर्वीपर्यंत स्वतःच्या शरीरावरही मालकी नव्हती, त्यांनी सातबारावर नाव लागण्याइतका पक्का हक्क मिळवण्यासाठी हे सगळे सोसले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पाच साध्या इमारतींकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

ग्रॅहॅम काउंटीची सीमा कागदावर १८६७ मध्येच ठरली होती. यादवी युद्धातील चिकमॉगाच्या लढाईत पडलेल्या कॅप्टन जॉन एल. ग्रॅहॅम यांचे नाव तिला दिलेले होते. प्रत्यक्ष कारभार मात्र १८८० मध्ये सुरू झाला. निकोडेमसमध्ये आलेले एडवर्ड मकॅब यांची राज्यपालांनी काउंटीचे तात्पुरते कारकून म्हणून नेमणूक केली, आणि १८८२ मध्ये ते कॅन्ससचे राज्य लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. त्या राज्यात संपूर्ण राज्याच्या मतदानातून पद मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत. शिक्षणाची सुरुवात जेनी स्मिथ फ्लेचर यांनी जमिनीखालच्या घरात केली. आज उभी असलेली शाळेची इमारत नंतरची आहे, परंतु तिच्या नावातला ‘डिस्ट्रिक्ट नंबर १’ हा उल्लेख काउंटीतील पहिला शालेय जिल्हा येथेच स्थापन झाल्याची खूण आहे. काउंटीचा शैक्षणिक इतिहास कृष्णवर्णीय वस्तीपासून सुरू होतो, हे वाक्य अमेरिकेतील फार थोड्या काउंटींबद्दल लिहिता येईल.

१८८० च्या दशकाच्या मध्यावर निकोडेमसमध्ये दोन वृत्तपत्रे, दुकाने, हॉटेले, चर्चे असा सगळा पसारा होता. गावाला हवी होती रेल्वे. १८८७ मध्ये मतदारांनी मिसुरी पॅसिफिक कंपनीसाठी १६,००० डॉलरचे कर्जरोखेही मंजूर केले. तो मार्ग आलाच नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकने रूळ टाकले ते नदीच्या पलीकडे, काही मैलांवरून, आणि तेथे बोग हे नवे गाव उभे राहिले. व्यापाऱ्यांनी आपली दुकाने तिकडे हलवली. मैदानी मुलखातील गावांचे भवितव्य नदीपेक्षा रुळाने ठरवले, याचे इतके स्वच्छ उदाहरण मी दुसरे पाहिलेले नाही.

लोकसंख्येचे आकडे माझ्या मते या भेटीचा अर्धा भाग आहेत, आणि जाणाऱ्याने ते आधी पाहून जावेत. ग्रॅहॅम काउंटीची लोकसंख्या १८८० मध्ये ४,२५८ होती. १९१० मध्ये ती ८,७०० झाली आणि तो तिचा उच्चांक ठरला. १९३० मध्ये ७,७७२ असलेला आकडा दुष्काळ, धुळीची वादळे आणि मंदी यांच्या दशकानंतर, १९४० मध्ये, ६,०७१ वर आला. २००० मध्ये २,९४६, २०१० मध्ये २,५९७ आणि २०२० मध्ये २,४१५. त्यांपैकी १,४०३ माणसे हिल सिटी या काउंटीच्या मुख्य गावात राहतात. निकोडेमसची २०२० ची गणना १४ आहे. सुमारे ९०० चौरस मैलांच्या या प्रदेशात दर चौरस किलोमीटरला सरासरी जेमतेम एक माणूस राहतो. १८९० च्या जनगणनेत दर चौरस मैलाला दोनपेक्षा कमी माणसे असलेला प्रदेश ‘अवस्ती’ मानला गेला होता. आज ग्रॅहॅम काउंटीत हे प्रमाण २.७ आहे, म्हणजे वस्ती आणि अवस्ती यांच्यातली जी रेषा ओलांडणे एकेकाळी वस्तीचा विजय मानले गेले, तिच्याजवळ ही काउंटी उलट दिशेने पोहोचते आहे.

या घटीचे कारण केवळ रेल्वे नव्हे, आणि ती केवळ निकोडेमसचीही नाही. कॅन्ससच्या १०५ काउंटींपैकी अनेकींची सर्वाधिक लोकसंख्या १९३० किंवा त्यापूर्वीच नोंदली गेली. येथे वर्षाला साधारणपणे साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्याकडील माण-खटावच्या आसपास. अशा पावसात १६० एकरांवर एका कुटुंबाचे भागत नाही, हे पहिल्या पिढीला लवकरच कळून चुकले. ट्रॅक्टर आणि कम्बाइन आल्यावर एकाच कुटुंबाला हजारो एकर कसता येऊ लागले आणि शेजारचे घर रिकामे झाले. रस्त्याच्या दुतर्फा गहू दिसतो आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात ज्वारीही. ज्वारीच्या उत्पादनात कॅन्सस हे अमेरिकेतील अग्रेसर राज्य आहे. तेथील बुटकी, यंत्राने कापायची ज्वारी मुख्यतः जनावरांच्या खाद्याला आणि इथेनॉलला जाते, तरी शेताच्या कडेला थांबून कणसे पाहिल्यावाचून मराठी माणसाचा पाय पुढे निघत नाही.

निकोडेमसचे टपाल कार्यालय १९५३ मध्ये आणि शाळा १९६० मध्ये बंद झाली. तरीही हे गाव पुसले गेले नाही. १९७६ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला, आणि १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाले. वंशजांनी केलेल्या दीर्घ पाठपुराव्याचे हे फळ आहे. दरवर्षी जुलैच्या अखेरच्या आठवड्याच्या शेवटी जो होमकमिंग सोहळा भरतो, त्याचे मूळ १ ऑगस्टला वेस्ट इंडिजमधील गुलामगिरीच्या अंताचा जो उत्सव पूर्वापार साजरा होई त्यात आहे. देशभर पांगलेली कुटुंबे त्या दिवसांत गावात येतात. शिरगणती माणसाला तो नेहमी जेथे राहतो त्या पत्त्यावर मोजते, आणि प्रशासनासाठी तसे मोजणे आवश्यकच आहे. पण निकोडेमसचे असणे चौदाच्या आकड्यात मावत नाही. १९५४ मध्ये ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाने नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या पहिल्या फेरीत निवडलेले अमेरिकन फुटबॉलपटू व्हेरिल स्वित्झर याच गावचे. कीर्ती मिळाल्यावरही त्यांनी येथील वडिलोपार्जित जमिनीशी नाते सोडले नाही, आणि येथे शेती केली. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. अशी माणसे जनगणनेच्या कोणत्या रकान्यात घालावीत, हा प्रश्न मला हे स्थळ पाहून आल्यापासून अधिक गंभीर वाटतो.

दर्जा सांगायचा तर ऐतिहासिक मोलासाठी मी पाचपैकी पाच देईन, आणि एकूण भेटीसाठी चार. एक गुण कमी करण्याचे कारण व्यवस्थापनात नाही, अंतरात आणि सोयींत आहे. जवळून जाताना सहज डोकावावे असे हे ठिकाण नाही. ज्यांना भव्य देखावे किंवा खूप वस्तू असलेली दालने हवी आहेत, त्यांनी येथे येण्याचे कष्ट घेऊ नयेत. ज्यांना शेतीचा, स्थलांतराचा किंवा जातीय व वांशिक विषमतेचा इतिहास यांत रस आहे, त्यांनी मात्र अर्धा दिवस राखून ठेवावा आणि केंद्रातील कर्मचाऱ्यांशी निवांत बोलावे. इमारतींपेक्षा अधिक माहिती त्या संभाषणातून मिळते.

काही व्यावहारिक गोष्टी. स्थळ महामार्ग २४ वर, हिल सिटीच्या पूर्वेला आहे. गावात उपाहारगृह किंवा पेट्रोलपंप मिळेल असे धरून चालू नये. इंधन आणि जेवण हिल सिटीत किंवा स्टॉकटनमध्ये उरकून घ्यावे, आणि पाणी बरोबर ठेवावे. उन्हाळ्यात दुपारचे ऊन कडक असते आणि सावली फार थोडी, म्हणून सकाळची वेळ बरी. केंद्र कोणत्या दिवशी आणि किती वाजेपर्यंत उघडे असते हे हंगामाप्रमाणे बदलते, त्यामुळे निघण्यापूर्वी पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी. जुलैअखेरच्या सोहळ्याला जायचे असल्यास राहण्याची सोय हिल सिटी, स्टॉकटन किंवा हेज येथे बरीच आधी करावी, आणि तो सोहळा मुळात कुटुंबांच्या भेटीचा आहे हे लक्षात ठेवून, छायाचित्रे काढण्यापूर्वी ज्यांची काढायची त्यांना विचारावे.